ग्लूकचं ‘के फारो’ : शोकाचं गाणं, शुद्ध स्वर आणि लयीचा प्रश्न

मंद्रसप्तक

ऑपेरा ऐकणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. जे ऑपेरा ऐकत नाहीत पण रागसंगीत मुरवून ऐकतात त्यांनीही जरूर यावं, कारण प्रश्न त्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे. गाण्यातला भाव असतो कुठे? स्वरांत, पट्टीत, की लयीत?

गाणं आहे क्रिस्तोफ विलिबाल्ड ग्लूकच्या ‘ओर्फेओ एद एउरिदीचे’ या ऑपेरातलं, ‘के फारो सेन्झा एउरिदीचे’. पहिला प्रयोग ५ ऑक्टोबर १७६२ ला व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये झाला. संहिता काल्झाबीजीची. गवई ओर्फेओची बायको एउरिदीचे मेली आहे. तो तिला आणायला पाताळात उतरतो, गाण्याने तिथल्या राक्षसिणींना वश करतो. तिला परत न्यायची परवानगी मिळते, पण अट अशी की वर पोचेपर्यंत तिच्याकडे वळून बघायचं नाही आणि का बघत नाही हेही सांगायचं नाही. तिला वाटतं, याचं आपल्यावरचं प्रेम आटलं. ती विनवते, रागावते, शेवटी त्याच्याने राहवत नाही. तो वळतो आणि ती दुसऱ्यांदा मरते. त्यानंतर तो हे गातो. एउरिदीचेवाचून मी काय करू, कुठे जाऊ.

आणि हे गाणं सी मेजरमध्ये आहे! म्हणजे पांढरी एकचा षड्ज आणि सगळे शुद्ध स्वर. धृपदाच्या चालीत कोमल गंधार औषधालाही नाही.

ग्लूकला दुःखासाठी कोमल स्वर माहीत नव्हते असं मुळीच नाही. याच ऑपेराचा पडदा उघडतो तेव्हा एउरिदीचेच्या समाधीभोवती जो समूहगायनाचा विलाप चालू असतो, तो सी मायनरमध्ये आहे. षड्ज तोच. पहिल्या मरणाला कोमल गंधार, दुसऱ्या मरणाला शुद्ध. हे नजरचुकीने झालेलं नाही, ठरवून केलेलं आहे, अशी माझी पक्की समजूत आहे.

आता लय. ग्लूकने लिहिलंय ‘आन्दान्ते’, म्हणजे चालत्या गतीने. किती चालत्या? लय आकड्यात मोजणारं यंत्र, माल्झेलचा मेट्रोनोम, आलं १८१५ मध्ये, त्यामुळे आकडा काही हाताशी नाही. परिणामी रेकॉर्डिंगांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. इंग्लिश गायिका कॅथलीन फेरिअरने १९४६ मध्ये डेक्का कंपनीसाठी हे इंग्रजीतून गायलं, वाद्यवृंदाचा संचालक माल्कम सार्जंट. तिथे लय अशी संथ आहे की प्रत्येक सुरावर थांबून शोक करता येतो. याउलट गेल्या ४० वर्षांत जुन्या धाटणीच्या वाद्यांवर जी रेकॉर्डिंग झाली त्यांत साधारणपणे लय चढी असते आणि ऐकताना पहिल्यांदा धक्का बसतो. हा माणूस रडतोय की कुठे निघालाय?

माझं मत आधीच सांगतो. या गाण्याचा भाव लयीत आहे. पट्टी बदलली तर रंग बदलतो, लय बदलली तर अर्थ बदलतो. आणि हे खुद्द ग्लूकला ठाऊक होतं. १७७० मध्ये ‘पारिदे एद एलेना’ छापताना त्याने प्रस्तावनेत याच गाण्याचा दाखला दिला. त्याचा आशय असा: अभिव्यक्तीत थोडासा फेर केला की माझं ‘के फारो’ कळसूत्री बाहुल्यांच्या नाचाचं गाणं होऊन बसेल. एखादा सूर कमीजास्त लांबवला, लय किंवा आवाज वाढवायच्या जागी हयगय केली, नको तिथे एखादी हरकत घेतली, तर अख्खा प्रसंग कोसळतो.

संगीतकार आपल्याच सर्वात गाजलेल्या चालीबद्दल असं लिहितो, याचं मला फार अप्रूप वाटतं. तुम्ही कोणती रेकॉर्डिंग ऐकता आणि तुम्हाला त्यात शोक ऐकू येतो का?

देवचाफा

विषय छान. पण ग्लूकच्या त्या वाक्यातून उलटाही निष्कर्ष निघतो. चाल इतकी कोरी असेल की जराशा फरकाने तिचा नाच होतो, तर तिच्यात शोक होताच कुठे?

संगीत भावना सांगत नाही असं मांडणारा समीक्षक हान्सलिक, त्याने १८५४ मध्ये हेच उदाहरण घेतलं होतं. ग्लूकच्या काळातल्या बॉये नावाच्या लेखकाचा तो दाखला देतो. ऑपेराच्या फ्रेंच आवृत्तीत शब्द आहेत, ‘माझी युरिडिस हरवली, माझ्या दुःखाला तोड नाही’. बॉये म्हणाला, तिथे ‘माझी युरिडिस सापडली, माझ्या सुखाला तोड नाही’ असं घाला, चालीला काहीही होत नाही. उलट जास्त शोभतं! तेव्हा भाव शब्दांनी आणला, स्वरांनी नाही, लयीनेही नाही.

मंद्रसप्तक

देवचाफा, हान्सलिक येणार याची खात्रीच होती. पण त्याने लगोलग असंही म्हटलंय की या जागी संगीतकाराला पूर्ण निर्दोष सोडता येत नाही, कारण तीव्र दुःखासाठी संगीताकडे याहून नेमके सूर आहेत. म्हणजे ‘सूर भावना सांगत नाहीत’ असं म्हणणाऱ्यालाही इथे सूर कमी पडल्यासारखे वाटले.

शिवाय तो बोलतोय कागदावरच्या चालीबद्दल. सुखाचे शब्द घालून हे गाणं फेरिअरच्या लयीत गाऊन बघा. बसतच नाही. शब्द बदलले की गायकाला लयही बदलावी लागते, आणि ती बदलल्यावरच बॉयेचा प्रयोग यशस्वी होतो. म्हणून तर मी लयीवर बोट ठेवतोय.

पूरियाप्रेमी

ऑपेरा फारसा ऐकलेला नाही, पण धागा वाचून दोन रेकॉर्डिंग लावली. राहवत नाही म्हणून लिहितो.

पट्टीला तुम्ही फार पटकन बाजूला सारलंत. आपल्याकडे मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. पण पूरिया मंद्रात बसून बोलतो आणि सोहनी तार षड्जाभोवती घुटमळते. स्वर एक, लयही तुम्ही जबरदस्तीने एक ठेवलीत, तरी सोहनी पूरियासारखी वाटणार नाही. कारण गळा कुठे राहतोय यावर भाव ठरतो. आपल्याकडे गायक आपल्या गळ्याला मानवेल तो षड्ज घेतो, त्यामुळे ‘पट्टी’ म्हणजे नुसती सोय असं आपण समजतो. पण जिथे रचना एका ठराविक पट्टीत लिहून ठेवली आहे तिथे पट्टी बदलणं म्हणजे चाल गळ्याच्या वेगळ्या मजल्यावर नेणं.

या गाण्याची पट्टी मुळातच कधी बदलली होती का?

मंद्रसप्तक

बदलली होती, आणि ग्लूकनेच बदलली. तुमचा मुद्दा मोलाचा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

१७६२ मध्ये ओर्फेओ होता गाएतानो ग्वादान्यी. कास्त्रातो, म्हणजे लहानपणी खच्चीकरण करून उंच आवाज टिकवलेला पुरुष गायक, आल्टो (बायकांच्या खालच्या पल्ल्याच्या) गळ्याचा. लंडनमध्ये गॅरिकसारख्या नटाच्या सहवासात तो अभिनय शिकला होता आणि टाळ्या पडल्या तरी भूमिकेतून बाहेर येऊन मुजरा करत नसे. त्याच्यासाठी सी मेजर. पुढे ग्लूक पॅरिसला गेला. तिथल्या रंगभूमीवर कास्त्रातो नायक चालत नव्हता. २ ऑगस्ट १७७४ च्या फ्रेंच आवृत्तीत ओर्फे झाला जोसेफ लग्रो, उंच पल्ल्याचा टेनर (पुरुषाचा वरचा आवाज), ज्याला फ्रेंच लोक ओत-कोंत्र म्हणत. त्याच्यासाठी गाणं एफ मेजरमध्ये गेलं. १८५९ मध्ये फ्रेंच संगीतकार बेर्लियोझने पॅरिसच्या तेआत्र लिरिकसाठी पॉलीन व्हिआर्दोला ही भूमिका दिली, तेव्हा त्याने फ्रेंच शब्द ठेवले पण गाणं परत सी मेजरमध्ये आणलं. आजच्या मेझो आणि कॉन्ट्राल्टो (मधल्या आणि खालच्या गळ्याच्या) गायिका बहुतेक तीच वाट धरतात.

लग्रोबद्दल एक गोष्ट सांगतात. सुरुवातीच्या विलापात ओर्फे नुसतं ‘युरिडिस!’ असं तीनदा ओरडतो. तालमीत लग्रो ते फार गोड गात होता. ग्लूक म्हणाला, कोणीतरी तुझं हाड करवतीने कापतंय असं समजून ओरड. ही गोष्ट या धाग्यावर फार कामाची आहे. सूर तेच, पट्टी तीच, आणि ग्लूकला हवं होतं ते तिसरंच काहीतरी.

पूरियाप्रेमी

म्हणजे एकाच संगीतकाराने एकच शोक आधी खालच्या गळ्यात आणि मग वरच्या गळ्यात मांडला. आता हुआन दिएगो फ्लोरेस या टेनरचं फ्रेंच गायन ऐकलं. हा माणूस हाक मारतोय. फेरिअर हाक मारत नाही, ती स्वतःशी बोलते. मला हा फरक लयीपेक्षा मोठा वाटला.

निळावंती

सी मेजर हा त्या काळी निर्मळ, निष्पाप भावाचा समजला जाई ना? शुबार्टने (ख्रिस्टियान शुबार्ट, जर्मन गीतं रचणारा प्रसिद्ध शुबर्ट नव्हे) स्वरपट्ट्यांचे भाव लिहून ठेवलेत त्यात सी मेजर म्हणजे संपूर्ण शुद्ध, निरागस, साधा. एफ मेजर म्हणजे सौजन्य आणि शांती. तसं असेल तर ग्लूकने शोकासाठी ‘निरागस’ पट्टी मुद्दाम निवडली म्हणता येईल. ओर्फेओच्या हातून घात झालाय, पण कपटाने नाही, प्रेमापोटी.

देवचाफा

निळावंती, कल्पना सुंदर आहे, पण मग एफ मेजरला तो ‘शांत’ झाला असं म्हणावं लागेल. ग्लूकने पट्टी लग्रोच्या गळ्यासाठी बदलली, तत्त्वज्ञानासाठी नाही.

खरखर

जुन्या तबकड्या जमवतो, त्या अंगाने थोडं.

‘अमुक रेकॉर्डिंग कोणत्या पट्टीत आहे’ हे विचारण्याआधी ती तबकडी कोणत्या वेगाने फिरवली ते विचारा. तबकडीवर लय आणि पट्टी एकमेकांना बांधलेल्या असतात. वेग सुमारे ६ टक्के वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो आणि लयही तितकीच चढते. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी ८० ने फिरवली तरी सूर जवळजवळ पाव स्वर वर जातो. १९२५ च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांत तर वेग ठराविक नसायचाच. त्यामुळे त्या काळच्या गायिकांचं ‘के फारो’ ऐकून ‘किती जलद गायची’ असं म्हणण्याआधी हाताशी पेटी घ्या. पांढरी एकऐवजी काळी एकच्या आसपास लागत असेल तर लयीबद्दल काही बोलूच नका, आधी वेग कमी करा. फेरिअरच्या काळापर्यंत वेग स्थिरावले होते, तिथे चिंता कमी.

दुसरी गोष्ट, तबकडीची लांबी. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेचार मिनिटं मावायची. स्टुडिओत गाणाऱ्याला हे घड्याळ डोक्यात ठेवूनच लय धरावी लागे, आणि गाण्याआधीच्या, बोलल्यासारख्या गायच्या पाठणीला जागा उरत नसे.

तिसरी, पट्टीचं माप. आज ए हा सूर म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं. जुन्या वाद्यांवर १८ व्या शतकातलं संगीत वाजवताना बहुतेक ४१५ किंवा ४३० धरतात. ४१५ म्हणजे आजच्यापेक्षा जवळजवळ अर्धा स्वर खाली. ग्लूकच्या पॅरिसमध्ये ऑपेराचं माप आजच्यापेक्षा बरंच खाली होतं, म्हणजे लग्रोचा एफ मेजर आजच्या टेनरच्या एफ मेजरइतका टिपेचा नव्हता. पूरियाप्रेमी, तुम्ही फ्लोरेसमध्ये जी हाक ऐकलीत तिच्यात या चढलेल्या मापाचाही वाटा आहे. आणि योगायोग बघा, फ्रान्सने ए चं माप कायद्याने ४३५ वर बांधलं ते १८५९ मध्येच, बेर्लियोझने हे गाणं परत खाली आणलं त्याच वर्षी. ते माप ठरवणाऱ्या समितीत बेर्लियोझ होता.

निळावंती

खरखर, पाठणी म्हणजे आधीचा रेसितातीव्हो ना? तोच तर जीव आहे! ‘आहिमे! दोव्हे त्रास्कोर्सी?’ इथपासून ऐकलं की सी मेजरचा प्रश्नच पडत नाही मला. तिथे वाद्यवृंद दचकतो, गाणारा अर्धी वाक्यं टाकतो, कुठला सूर घर आहे तेच कळत नाही. आपण काय करून बसलो हे त्याला एकेका शब्दाने उमगत जातं. आणि त्या सगळ्या पडझडीनंतर ही सरळ, साधी चाल येते. नुसतं गाणं कापून ऐकलं की ते गोड वाटणारच. हान्सलिकनेही ते कापूनच तपासलं.

देवचाफा

हा मुद्दा मान्य. पाठणीसकट ऐकलं. कापलेल्या गाण्यावरून मी जो निष्कर्ष काढत होतो तो अख्ख्या प्रसंगाला लागू होत नाही.

मांडवीकाठ

मी पणजीत पाश्चात्त्य गायन शिकते, आल्टो आहे, हे गाणं सध्या गळ्यात घोळतंय. आमच्याकडे चर्चच्या शाळांतून सोल्फाच्या (डो रे मी) अंगाने स्वर शिकण्याची जुनी परंपरा आहे, त्यामुळे कागद वाचण्याचं भय नाही. पण हे गाणं कागदावर जितकं सोपं दिसतं तितकंच गळ्याला अवघड आहे. ते का, ते सांगते.

धृपद तीनदा येतं आणि स्वर तिन्ही वेळा जवळजवळ सारखे. मधे दोन अंतरे. पहिल्यात तो तिला हाका मारतो, ‘एउरिदीचे! एउरिदीचे!’, मग थांबतो, उत्तराची वाट बघतो, ‘ओ दिओ, रिस्पोन्दी!’ देवा, काहीतरी बोल. दुसऱ्यात आता ना पृथ्वीवरून मदत ना स्वर्गातून, अशी निराशा येते आणि तिथे मात्र सुरावटीवर कोमल स्वरांचं सावट पडतं. मधल्या जागांवर ग्लूकने लय उतरवून ‘आदाज्यो’ लिहिलंय. म्हणजे चालणं, थांबणं, परत चालणं, परत थांबणं, परत चालणं. हा आराखडा त्यानेच दिला आहे.

आता धृपदच आदाज्योच्या लयीत गायलं तर काय होतं? थांबण्याच्या जागा उरत नाहीत. सगळं गाणं एकसारखं थांबलेलं राहतं. फेरिअरबद्दल मला अपार आदर आहे, तिचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो, पण तिच्या संथ लयीत ‘रिस्पोन्दी’ची शांतता हरवते, कारण शांतता आधीपासूनच पसरलेली असते. लय जराशी चालती ठेवली की तो हाकेपाशी खरोखर अडखळतो.

दमाचंही आहे. चाल लांब वळणाची आहे. फार संथ घेतली तर वळणाच्या मध्येच श्वास घ्यावा लागतो आणि ‘दोव्हे आन्द्रो’ तुटतं. फेरिअरला तो दमसास होता, सर्वांना नसतो. आमच्या बाई म्हणतात, हे गाणं ज्या लयीत तुला बोलता येईल त्या लयीत गा.

मंद्रसप्तक

मांडवीताई, या प्रतिसादासाठीच धागा काढला होता असं वाटतंय. थांबण्याला अर्थ यायला चालणं हवं, हे मी इतके दिवस ऐकून मला सापडलं नव्हतं. माझी बाजू यामुळे बळकट होते, पण फेरिअरच्या बाजूने एक सांगू द्या. तिच्यात थांबण्याच्या जागा लयीतून येत नाहीत, आवाजाच्या वजनातून येतात. तिसऱ्या धृपदाला ती सूर कमी करत नाही, भरत नेते.

आषाढी

फेरिअर ऐकताना आपण तिचं आयुष्यही ऐकत असतो, हे विसरू नये. फेब्रुवारी १९५३ मध्ये लंडनच्या कव्हेंट गार्डन ऑपेरागृहात संचालक बार्बिरोलीच्या हाताखाली ती ओर्फेओ करत होती. कर्करोग हाडांत पोचला होता. दुसऱ्या प्रयोगात मांडीच्या हाडाचा तुकडा पडला, तरी तिने प्रयोग पुरा केला. त्यानंतर ती रंगमंचावर आली नाही, त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला गेली, अवघ्या ४१ व्या वर्षी. हे माहीत असलेल्या माणसाला तिचं १९४६ चं गाणं शोकाचं वाटणार नाही तर काय! पण ते रेकॉर्डिंग आजाराच्या कितीतरी आधीचं आहे. तेव्हा ती धडधाकट होती, नाव नुकतं होत होतं.

खरखर

आषाढी, खरं आहे. म्हणूनच मी नवख्या माणसाला गायिकेची गोष्ट आधी सांगत नाही. आधी ऐकू द्यावं.

टोरांटोकर

वाचनमात्र होतो. सुरुवात करायला नेमकं काय ऐकू? इथल्या वाचनालयात ऑपेराच्या सीडी भरपूर आहेत.

मंद्रसप्तक

टोरांटोकर, तीन घ्या आणि याच क्रमाने ऐका. आधी इटालियन, १७६२ ची आवृत्ती, जुन्या वाद्यांवर: गार्डिनरचं डेरेक ली रेगिनबरोबरचं (कौंटरटेनर, म्हणजे बायकांच्या पल्ल्यात गाणारा पुरुष) किंवा रेने याकोब्सने बेर्नार्दा फिंकबरोबर केलेलं. दोन्हींत पाठणी सलग ऐका, गाण्यावर उडी मारू नका. मग फ्रेंच टेनर आवृत्ती, मिन्कोव्स्कीचं रिचर्ड क्रॉफ्टबरोबरचं. शेवटी फेरिअर १९४६. उलट क्रमाने ऐकलंत तर फेरिअरची लय कानात बसते आणि बाकीचे घाईत वाटतात.

पूरियाप्रेमी

यात मारिया कालासचं १९६१ चं फ्रेंच रेकॉर्डिंगही घाला. संचालक प्रेत्रबरोबरचं. मेझोच्या पट्टीत ती खाली उतरते तेव्हा तिचा आवाज गडद आणि थोडा खरबरीत होतो आणि सी मेजर मुळीच निरागस वाटत नाही. पट्टीचा माझा मुद्दा मी सोडलेला नाही.

मंद्रसप्तक

सोडू नका. माझं आता एवढंच म्हणणं आहे की पट्टी कोण गातंय ते सांगते, आणि लय त्याच्यावर काय गुदरलंय ते.

मांडवीताई, एक प्रश्न राहिला. आदाज्योच्या अंतऱ्यानंतर धृपद परत येतं ते तुम्ही मूळच्या लयीत घेता, की हळूहळू चढत तिथे जाता? रेकॉर्डिंगांत दोन्ही ऐकलंय.

मांडवीकाठ

पहिल्या अंतऱ्यानंतर थेट मूळ लयीत. त्याला अजून वाटतंय की काहीतरी करता येईल, म्हणून पाऊल लगेच उचलतं. दुसऱ्यानंतर मात्र ‘के फारो’चे पहिले तीन सूर मी थोडे मागे ठेवते आणि ‘एउरिदीचे’ला लय गाठते. बाईंना ते पसंत नाही, त्या म्हणतात लिहिलेलं नाही. पण तिसऱ्या वेळी तो प्रश्न विचारत नाही, उत्तर नाही हे त्याला कळलेलं असतं, आणि पुढच्याच क्षणी तो जीव द्यायला निघतो. ते कळणं त्या तीन सुरांत यावं असं मला वाटतं. लयही पुढे ढळू देत नाही, कारण नंतर प्रेमदेव आमोर येऊन त्याचा हात धरणार आहे, तेव्हा तो चालता असायला हवा.